आत्याची मुखत्यार

माझं आणि आत्याचं कधीच पटलं नाही. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, अकोल्यात दिलेली. लहानपणी ती अमरावतीला माहेरपणाला आली की मी अभ्यासाचं निमित्त काढून मैत्रिणीकडे जाऊन बसायची. माझ्या लग्नात तिने भर मांडवात माझ्या सासूला सांगितलं होतं, "पोरगी कामाची हाय, पण तोंडाची फाटकी हाय. सांभाळून घेजा." सासूबाईंनी ते वाक्य पुढे आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं.

त्यामुळे तिने ज्या दिवशी स्वतः फोन करून "येऊन जा, काम हाय" म्हटलं, त्या दिवशी मला आधी वाटलं, चुकून लागला असेल.

आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. न्हाणीत पाय घसरून आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी काही राहिली नाही. डोकं मात्र शाबूत होतं, आणि जीभही. घर तिच्या नावावर होतं, आतोबांनी हयातीतच करून दिलेलं. खाली रस्त्याच्या बाजूला गाद्यांचं दुकान होतं, त्यामागच्या दोन खोल्यांत आत्या राहायची आणि वरच्या मजल्यावर आतोबांचा पुतण्या, बायको-मुलांसह. तो कॉलेजला असताना शिकायला म्हणून आला आणि तिथलाच झाला. भाडं नाही, लाईटबिल नाही. आत्या त्याला 'वरचा' म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले.

मी पोचले तेव्हा आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. मदतीला ठेवलेली बाई तिच्या पायाला तेल लावत होती. मला बस म्हणायच्या आधीच तिने मुद्द्याला हात घातला.

"मुखत्यारपत्र करून देऊन राहिली तुले. बँक, भाडं, घर, समदं. अन् हे घर इकाचं हाय."

"मला? माझ्या नावाने?"

"मंग काय वरच्याच्या? तो रोज सकाळी येते अन् म्हणते, काकू, कागद करून ठेवा, मानसाचं काही खरं नाही. बायको त्याची शिरा करून आणते. एवढं गोड कोणी फुकट बोलत नाही." तिने माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "तुले मी आवडत नाही, मले तू आवडत नाहीस. तू लुटशीन तर तोंडावर लुटशीन."

"मृत्युपत्र कर ना. घर ज्याला द्यायचं त्याला दे."

"मी मेल्यावर कोणाले काय भेटलं, त्याचं मले काय कवतिक? मले जित्तेपणी त्याचं तोंड पाहाचं हाय, घर गेल्यावरचं."

मी हो म्हटलं. आत्यासाठी नाही. वडील थकल्यावर एका दिवाळीला हट्टाने बहिणीकडे फराळाचा डबा घेऊन गेले होते. आत्या देवळात गेली होती. या वरच्याने त्यांना दुपारभर पायरीवर बसवून ठेवलं, का तर काकू नसताना खोली उघडायची नाही. माझ्या वडिलांनी ते घरी येऊन हसत हसत सांगितलं आणि डबा परत स्वयंपाकघरात ठेवला. मी ते हसणं विसरले नव्हते. मी टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरीच होते, वेळ होता. आमचे हे म्हणाले, "दुसऱ्याचं घर सांभाळायला जाशील आणि चोर ठरून येशील." मी म्हटलं, बघू.

वकिलांनी मला आधीच स्पष्ट सांगितलं. "ताई, तुम्ही भाची. बाईंच्या मागे त्यांच्या यजमानांकडचे वारस येतात, म्हणजे तो पुतण्या. तुमचा नंबरच लागत नाही. आणि मुखत्यारपत्र बाईंच्या श्वासापर्यंत. श्वास थांबला की तो कागद रद्दी."

आत्याला हलवता येत नव्हतं म्हणून रजिस्ट्री ऑफिसचे साहेबच घरी आले, सोबत फोटो आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन एक कारकून. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि आत्याला एकटीला विचारलं की कोणी दबाव तर टाकला नाही ना. बाहेर जिन्याशी ऐकू येईल इतक्या आवाजात आत्या म्हणाली, "माह्यावर दबाव टाकणारा अजून पैदा व्हायचा हाय. अंगठा कुठं लावू ते सांगा."

वरचा जिन्यात उभा होता. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. "वा ताई. इतकी वर्षं कुठं होता?"

"पायरीवर," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, आणि मी समजावूनही सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूर गेलं की डोळा लागायचा, तोवर अकोला. बँकेतला माणूस दर वेळी मुखत्यारपत्राची मूळ प्रत उन्हाकडे धरून बघायचा, जणू मी ते घरी छापून आणलंय. मग औषधं, डॉक्टर, बाईचा पगार, घरपट्टी. हे सगळं उरकून आत्याच्या खोलीत शिरलं की ती म्हणायची, "पिशवी दाखव."

"काय?"

"पिशवी उलटी कर. पाहू दे काय नेऊन राहिलीस."

मी पिशवी पलंगावर उलटी करायची. पाण्याची बाटली, छत्री, पोळीभाजीचा डबा. आत्या एकेक वस्तू बोटाने सरकवून बघायची आणि मग म्हणायची, "डबा घरून काहून आणतेस? इथं जेवण भेटत नाही काय तुले?" तिच्या घरी जेवले तर जेवणाचा हिशेब, न जेवले तर हा टोमणा. एकदा मी चिडून म्हटलं, "आत्या, कर रद्द ते कागद. मला हौस नाही."

"रद्द करीन तवा सांगीन. आता बँकेत काय झालं ते सांग."

ती कधीच 'बरं केलंस' म्हणाली नाही. मीही तिचा हात हातात वगैरे घेतला नाही. तिच्या अंगाला येणारा मलमाचा वास मला सहन व्हायचा नाही आणि तिला माझ्या बांगड्यांचा आवाज. आम्ही कामापुरतं भांडायचो.

वरच्याशी भांडण मात्र वेगळं होतं. आधी त्याने गोड बोलून पाहिलं. मग एका उन्हाळ्यात, अकोल्याचा उन्हाळा म्हणजे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, त्याने खालच्या नळाचं पाणी बंद केलं. टाकी वर, वाल्व वर, आणि वरच्या दाराला कुलूप. बाईने मला फोन केला, "ताई, आजीचं अंग पुसाले पाणी नाही, काहून का तर म्हणे टाकी साफ करून राहिले." टाकी तीन दिवस साफ होत होती. गाद्यांच्या दुकानातल्या चाचांनी त्यांच्या नळावरून बादल्या दिल्या म्हणून निभलं.

मी प्लंबर घेऊन गेले आणि खालच्या खोल्यांसाठी वेगळी टाकी बसवली. मग तिथून उठून वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. अख्ख्या घराचं मीटर आत्याच्या नावाचं, आणि वरचा तिच्या बिलावर दोन कूलर आणि एसी चालवत होता. मुखत्यार म्हणून मी अर्ज दिला की वरच्या मजल्याची जोडणी आमच्या मीटरवरून काढा. अर्जाखाली सही करताना जो आनंद झाला तसा मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. लाईनमन आला त्या दुपारी वरच्याची बायको गॅलरीतून ओरडली, "म्हातारीच्या जिवावर राज्य करून राहिली, दुसऱ्याच्या घरात!"

"घर दुसऱ्याचंच आहे, वहिनी," मी खालून म्हटलं. "तुमचंही."

आत्याने आतून ते ऐकलं. मी खोलीत गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

घराला गिऱ्हाईक ठरलं ते बाहेरचं कोणी नव्हतं, दुकानातले चाचाच होते. तीस-एक वर्षांपासून भाडेकरू, वडिलांपासूनचा गाद्या-रजयांचा धंदा. आता हाताखाली मोठा मुलगा होता. त्यांनी दिलेली किंमत विचारून गेलेल्या इतर दोघांपेक्षा बरी होती आणि एक अट त्यांनी आपणहून मान्य केली: आत्या आहे तोवर मागच्या दोन खोल्या तिच्याच. किंमत ऐकून आत्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाली, "देऊन टाक. ह्या मानसानं मले कधी कागद करून ठेवा म्हटलं नाही."

बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. वरचा खाली आला आणि पहिल्यांदा तोंड सोडून बोलला.

"काकाचं घर मुसलमानाले देता? लाज नाही वाटत? सारा मोहल्ला थुंकन तुमच्यावर."

दुकानात कापूस पिंजण्याचं मशीन चालू होतं. ते बंद झालं. पलीकडे ऐकू गेलं होतं.

"तू घे," मी म्हटलं. "तेवढेच पैसे आण, आत्ता खरेदी तुझ्या नावाने करते."

"माह्याच घराचे मी पैसे देऊ? तुमी चोर हा, ताई. म्हातारीले नादी लावून घर इकून राहिले. तुमचा बाप बी असाच याचा, डबा घेऊन, बहिणीच्या घरावर डोळा ठेवून."

मी त्याच्या तोंडात मारली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आत्या पलंगावरून म्हणाली, "अजून बोल. मले आयकू येते." तो दार आपटून गेला.

खरेदीचा दिवस ठरला. मी सकाळी आधी आत्याकडे गेले. तिला रात्रीपासून थोडी धाप होती. डॉक्टर येऊन गेले होते, इंजेक्शन दिलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात करू."

"आज कर," ती म्हणाली. "अन् आल्यावर वरच्याले इथं बोलाव. माह्या समोर सांग त्याले. मले आधी चष्मा दे पुसून."

मी चष्मा पदराने पुसून तिच्या उशाशी ठेवला. पिशवी दाखव असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.

रजिस्ट्री ऑफिसात गर्दी होती. वकिलांच्या टेबलावर मी खरेदीखताच्या पानांवर सह्या केल्या. त्याला जोडून मुखत्याराचं घोषणापत्र असतं: मुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती हयात आहे, तिने ते रद्द केलेलं नाही, खोटं निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. मी तेही वाचून सही केली. चाचा नवीन पांढरा कुर्ता घालून बाकावर बसले होते, खिशात बँकेचा डीडी, दर थोड्या वेळाने खिसा चाचपत. त्यांचा मुलगा साक्षीदारांसाठी चहा घेऊन आला. आता फक्त साहेबांपुढे उभं राहून फोटो आणि अंगठा बाकी होता. आमच्या पुढे एकच दस्त होता.

तेव्हा बाईचा फोन आला. मी व्हरांड्यात गेले.

"ताई, आजी गेल्या." तिचा आवाज अगदी हळू होता. "आता गेल्या. चमच्यानं पाणी देऊन राहिली होती मी, तं पाणी बाहेर आलं."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालेच नाही. वरचे भाऊ बाहेर गेले हायेत." मग तिने विचारलं, "तुमचं काम झालं काय?"

"अजून नाही."

"तुमी काम करून या, ताई. मी दार लावून घेते. आजीची लय इच्छा होती."

मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. समोर स्टॅम्पवाल्यांची टेबलं, टायपिंगवाले, झाडाखाली लावलेल्या मोटारसायकली. आत गेले असते, यंत्रावर अंगठा ठेवला असता, कॅमेऱ्याकडे बघितलं असतं. मग घरी जाऊन रडारड. डॉक्टरांनी दाखल्यावर बाईने सांगितलेली वेळच लिहिली असती. वरच्याला रस्त्यावर आणायला मला फक्त एक अंगठा पुरणार होता. आणि खरं सांगते, मला ते करायचं होतं. आत्याची शेवटची इच्छा वगैरे माझ्या मनात नव्हती. माझ्या मनात तो जिन्यातला माणूस होता, आणि त्याच्या तोंडचे माझे वडील.

पण त्याचंच वाक्य आडवं आलं. त्याने मला चोर म्हटलं होतं. मेलेल्या बाईच्या नावाने अंगठा दिला तर त्याचं म्हणणं खरं होणार होतं. त्याला ते कधी कळलं नसतं, पण मला कळलं असतं. त्या माणसाचा एक शब्द माझ्याबद्दल खरा ठरावा, हे मला सहन होणारं नव्हतं. चांगुलपणा यात काही नव्हता. उलट, राग होता तो सगळा.

आतून आमचा नंबर पुकारला. मी आत गेले आणि वकिलांना म्हटलं, "थांबवा. आत्या गेली."

वकिलांनी हातातले कागद हळूच पालथे केले. चाचा उठले, त्यांच्या तोंडून "इन्ना लिल्लाही" एवढंच आलं आणि ते पुन्हा खाली बसले. मुलगा मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"फोन कधी आला?"

"आत्ता."

"मॅडम, पाच मिनिटं उशिरा उचलला असता तं काय बिघडलं असतं? पाच मिनिटं!" त्याचा आवाज चढला, लोक बघायला लागले. "आता तो आमाले दुकानातून बी काढन. तुमचं काय जाते? तुमी अमरावतीले निघून जासान."

"चूप बैठ," चाचा म्हणाले. पण माझ्याकडे त्यांनीही पाहिलं नाही. डीडी खिशातून काढला, घडी न मोडता पुन्हा आत ठेवला आणि मुलाचा दंड धरून निघून गेले. मी घोषणापत्र खरेदीखतापासून सोडवून फाडलं. वकील म्हणाले, "बरं केलंत." त्यांचं शुल्क मी माझ्या पैशातून दिलं, कारण आत्याच्या खात्याला हात लावायचा अधिकार आता मला नव्हता.

घरी पोचले तर वरचा आधीच आला होता. पलंगाशी बसून मोठ्याने रडत होता, आणि त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे बघून मला आणखी राग आला. चष्मा उशाशी तसाच होता. मला बघितल्यावर त्याने डोळे पुसले.

"झाली काय खरेदी?"

"नाही."

 तो उठला आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. "मंग चाबी द्या."

मी बँकेचं पासबुक, किल्ल्या, मुखत्यारपत्र, सगळं त्याच्या हातात ठेवलं. अजून आत्याला आंघोळ घातली नव्हती.

तेराव्याला त्याने नातेवाइकांसमोर मला हिशेब मागितला. मी प्रत्येक पावती लावलेली फाईल आणली होती. एका काकांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाले, "यात काही खोट नाही रे." वरचा म्हणाला, "ज्याले चोरी येते त्याले हिशेब बी येते." काकांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. मी ताटावरून उठले. जेवण न करता तेराव्याच्या पंगतीतून उठू नये म्हणतात. मी उठले, रिक्षा केली आणि स्टेशनवर जाऊन वडापाव खाल्ला.

पुढे मी अकोल्याचं नाव काढलं नाही. वर्ष उलटलं. मग एका दुपारी चाचांचा फोन आला.

"बेटी, घर घेतलं आमी. पूरं घर. परवा रजिस्ट्री झाली. तुमाले सांगाचं होतं."

"कोणाकडून?" मी विचारलं, विचारायची गरज नसताना.

"त्याच्याकडूनच. त्यानं शहराबाहेर फ्लॅट घेतला, त्याले पैसे पाह्यजे होते." मग म्हणाले, "त्या दिवशी पोरगा वेडंवाकडं बोलला. दिल में मत रखो."

"किती वाढवून घेतले त्याने?"

"छोडो ना, बेटी."

बरेच घेतले असणार. आत्याच्या औषधाला, बाईच्या पगाराला, तिच्या उरलेल्या दिवसांना जे पैसे यायचे होते त्याच्याहून जास्त पैसे त्याच घराचे, त्याच माणसाकडून, वरच्याने घेतले. मी फोन ठेवला आणि लगेच त्याला लावला. मी त्याला स्वतः केलेला तो एकमेव फोन.

"आता मुसलमान चालला?" मी म्हटलं.

त्याने आवाज ओळखला. "भाव चालला, ताई," तो शांतपणे म्हणाला. "मोहल्ल्याचं काय, मोहल्ला भाव देते काय?"

मी फोन बंद करणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "एक इचारू? चाचाच्या पोरानं मले सांगतलं. त्या दिवशी तुमाले फोन आधीच आलता. तुमी अंगठा लावला असता तं मी आज रस्त्यावर असतो. कोणाले पत्ता लागला नसता." पहिल्यांदा त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं. "काहून नाही लावला?"

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं.

"ते मले मालूम हाय. मंग कोणासाठी?"

 त्याला उत्तर द्यावं इतकी ओळख मला ठेवायची नव्हती. फोन बंद केला, त्याचा नंबर काढून टाकला आणि आमच्या ह्यांनी "कोण होतं?" म्हणून विचारलं तेव्हा "राँग नंबर" म्हटलं.

मला अजून राग येतो. वरच्याचा येतो, आणि आत्याचाही. एक मृत्युपत्र लिहायला तिचं काय जात होतं? पण तिला त्याचं तोंड बघायचं होतं. ते बघायला मिळालं नाही तिला, आणि मला बघावं लागलं ते घर मिळाल्यावरचं तोंड, तिच्यामुळे.